खांबावरची तीन टिंबं

शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे आल्या आणि शाळेचा इतिहास लिहून द्या म्हणाल्या. मी सांगितलं, माझी मजल दुसरीपर्यंत, तीही अर्धी. त्यावर त्यांचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून बघितलेलं माणूस तुम्ही एकट्याच उरलात. हे मात्र खरं. बाकीचे एक तर वर गेले, नाहीतर शहरात गेले, आणि दोघांचाही इकडे काही उपयोग नाही.

ही शाळा लोकांनी हातानं बांधली. दगड टेकडीखालून वाहून आणले. कौलं माझ्या वडिलांनी दिली, जुन्या गोठ्याची होती पण एकही फुटकं नव्हतं. एक खोली, दोन खिडक्या, आणि आढ्याला आधार म्हणून खोलीच्या बरोब्बर मधोमध लाकडी खांब. त्या खांबामुळे निम्म्या पोरांना फळा दिसायचा नाही. मी त्या निम्म्यांतली.

खांब सुतारानं घडवला होता. तो उभा राहिला त्या दिवशी त्यानं आम्हा चौदा पोरांना एकेक करून खांबाला पाठ लावून उभं केलं आणि प्रत्येकाच्या डोक्याबरोबर पटाशीनं खाच पाडली. म्हणाला, पुस्तकातलं मला कळत नाही, पण पोरं वाढतात की नाही एवढं मी बघेन. तेव्हापासून दर वर्षी शाळा उघडायच्या पहिल्या दिवशी मोजणी. सुताराला अक्षरं येत नव्हती, म्हणून त्यानं प्रत्येक घराला एक खूण दिली. पुढे माझं लग्न झालं त्या घराची खूण त्रिकोण. माझ्या थोरल्याच्या त्रिकोणात एक टिंब, मधल्याच्यात दोन.

तीन टिंबं धाकटीची.

धाकटी आठ वर्षांची होती, पण अंगानं सहाचीच दिसायची. वर्गात तिला टिचभर म्हणायचे. शाळेची किल्ली आणि झाडलोट तोवर माझ्याकडे आली होती, त्यामुळे त्या वर्षीच्या मोजणीला मी तिथेच होते. धाकटी खांबाला टेकली आणि हळूच चवड्यांवर उभी राहिली. सुताराला ते दिसलं होतं. गालातल्या गालात हसत तो तशीच पटाशी लावणार होता. मी पुढे झाले, तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि तिला खाली दाबलं.

"टाचा टेकव," मी म्हणाले. "आमच्या घरात खोटी वाढ चालत नाही."

वर्ग हसला. सगळ्यांत आधी हसला तो माझा थोरला.

मधल्या सुट्टीत ती एकटीच घरी निघाली. शाळा ते घर सातशे पावलं, मध्ये एक फाटक. दप्तर फाटकाला अडकवलेलं सापडलं. ती सापडली नाही. विहिरी उपसून झाल्या, ओढा शेवटपर्यंत चाळून झाला, तिच्या वडिलांनी तीन महिने गावंच्या गावं पालथी घातली. लोकांसमोर मी रडले नाही. जे बोलले त्यांची तोंडं जागच्या जागी बंद केली. माझ्या दोन हातांचं काय करायचं ते मात्र मला कळेना.

पुढच्या वर्षी मोजणीच्या सकाळी मी कुलूप काढलं, तर खांबावर नवी खाच. त्रिकोण, तीन टिंबं. जुन्या खाचेपेक्षा तीन बोटं वर. लाकूड आतून ओलसर, पांढरं.

मी तडक सुताराकडे गेले आणि म्हटलं, दया दाखवायची हौस असेल तर दुसरं दार बघ. त्यानं हातातला रंधा खाली ठेवला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी डोकं बघून खूण करतो. डोकं नसेल तिथे करत नाही."

खोटं बोलणारी माणसं मी लांबून ओळखते. तो खोटं बोलत नव्हता.

त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अडीच बोटं वर.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, याचा छडा लावायचाच. मोजणीच्या आदल्या दुपारी खांबाला खालपासून वरपर्यंत जाड गोणपाट गुंडाळलं आणि दाभणानं दुहेरी टाक्यानं शिवून टाकलं. माझा टाका कुणाला जमत नाही, उसवला तर पुन्हा तसा घालता येत नाही. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. सकाळी येऊन टाका टाका तपासला. सगळे माझेच होते. मग कात्रीनं गोणपाट कापलं.

आतून लाकडाची एक ताजी ढलपी माझ्या पायावर पडली.

खाच दोन बोटं वर गेली होती.

त्यानंतर मी गोणपाट शिवलं नाही आणि कुणाला काही बोललेही नाही. शेकडो खाचांमध्ये ही एक कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. सहाव्या वर्षी सुतार गेला आणि गुरुजी चाकूनं रेघ ओढायला लागले. तीन टिंबांची खूण मात्र पटाशीचीच. दर वर्षी मी खांबाला पाठ लावून हातानं चाचपायची. आधी माझ्या खांद्याला लागली, मग कानाला. दहाव्या वर्षी ती माझ्या डोक्यावर तीन बोटं होती. घरात माझ्याहून उंच बाई मी कधी खपवून घेतली नसती. त्या दिवशी मी दोन वाट्या भात जास्त जेवले.

अकराव्या वर्षी खूण हलली नाही.

मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. मग मीच मला समजावलं, माणूस कधीतरी वाढायचं थांबतंच. पुढची अकरा वर्षं मात्र काहीच खबर नाही.

यंदा नवी इमारत झाली. थोरला आता शाळा समितीचा अध्यक्ष. जुनी खोली पाडायला त्यानं माणसं बोलावली. ती करवत घेऊन आत आली तेव्हा मी खांबाला पाठ लावून उभी होते.

"आई, हट्ट सोड," थोरला म्हणाला. "आतून पोखरलाय तो."

"मग तुझ्या समितीपासूनच पाडायला सुरुवात कर."

माणसं हसली. तो मला हात धरून बाजूला करायला पुढे आला आणि त्याची नजर माझ्या डोक्याच्या वर गेली. त्यानं टिंबं मोजली. मग खाली वाकला आणि त्या खुणेवर बोट ठेवत ठेवत, पोर बाराखडी वाचतं तसा, वरपर्यंत आला.

"आई, त्या दिवशी आधी मी हसलो होतो."

"माहीत आहे मला."

त्यानं माणसांना करवत बाहेर ठेवायला सांगितलं आणि खांब बुडापासून अख्खा खणून काढायला लावला. आता तो नव्या वर्गाच्या कोपऱ्यात उभा आहे. कशालाच आधार देत नाही आणि फळाही अडवत नाही. त्या रात्री बावीस वर्षांत पहिल्यांदा मला सलग झोप लागली.

उद्घाटनाच्या सकाळी सगळ्यांच्या आधी मी झाडायला गेले. कुलूप मीच काढलं. नव्या रंगाचा वास, फरशीवर सिमेंटची बारीक धूळ. वरची खूण होती तिथेच होती.

वळताना खाली लक्ष गेलं.

माझ्या गुडघ्याच्या वर वीतभर, ताजी खाच. त्रिकोण. आत तीन टिंबं. आणि त्यांच्याखाली, वेगळं, आणखी एक.

मी तिथेच बसले. बाईंनी विचारलं असतं तर रडतेय की हसतेय ते मला सांगता आलं नसतं.

मग धुळीकडे पाहिलं. खांबाशी दोन इवल्याशा पायांचे ठसे. येतानाचे नाहीत, जातानाचे नाहीत. तेवढे दोनच.

फक्त चवड्यांचे. टाचा टेकलेल्या नव्हत्या.

तेवढी जागा मी झाडली नाही. केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली.