राखेखालचा बर्फ

पहिल्या भेटीत ती नुसतं "थांबा" म्हणाली, आणि तो असा थांबला की हातातली राखेची मूठ उघडायचीच राहून गेली.

त्याचा धंदाच तो. हिवाळा सरत आला की शेतांवरच्या बर्फावर राख भुरभुरायची. राखेनं ऊन ओढून घेतलं की बर्फ लवकर वितळतो, पेरणी पंधरा दिवस आधी होते. गाव त्याला राखोबा म्हणायचं. आत्याच्या पावभट्टीतून तो घमेली भरभरून राख आणायचा, आणि हात इतका हलका की शिंकेनंही त्याहून जास्त उडाली असती.

त्या दिवशी मात्र वाऱ्यानं दगा दिला, राख शेताशेजारच्या मैदानात नेली. मैदानात चार खुंट्या, भोवती दोरी, मधल्या खांबावर काचेच्या दोन वाट्या. एक आभाळाकडे बघणारी, एक बर्फाकडे. आणि त्यामागे पिवळ्या टोपीतली एक मुलगी, नाकाच्या शेंड्यावर राखेचा ठिपका घेऊन उभी.

"हा बर्फ मी मोजतेय."

"मोजा की. मी कुठं उचलून नेतोय?"

"तुम्ही तो काळा करताय."

"काळा नाही हो... जरासा सावळा."

ती हसली नाही. म्हणजे हसलीच, पण टोपी पुढं ओढून. राखोबाला ते दिसलं, आणि तिथंच त्याचं कल्याण झालं.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला. तिसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी मागायची राहिली म्हणून गेला. चौथ्या दिवशी कारण शोधायचंही विसरला.

"ताजा बर्फ शंभरातलं ऐंशी ऊन आभाळाला परत करतो," ती वहीत आकडे लिहिता लिहिता सांगायची. "उघडी जमीन करते जेमतेम पंधरा. बाकीचं पोटात ठेवते, तापते, आणि शेजारच्या बर्फालाही सोबत नेते. बर्फ गेला की ऊब वाढते, ऊब वाढली की आणखी बर्फ जातो. साऱ्या पृथ्वीचं हेच दुखणं आहे."

"आणि मी त्यात राख टाकतोय."

"तुमची चार शेतांपुरती. मला घोर आहे तो लांबून उडत येणाऱ्या काजळीचा. तिला थांबा म्हणायची सोय नाही."

त्यानं राखेच्याच हातानं गाल पुसला. मग हळूच म्हणाला, "आणि... माझा चेहरा किती परत करतो?"

तिनं खिशातलं ऊन मोजायचं छोटं यंत्र काढलं, त्याच्या गालासमोर धरलं. फार जवळ. श्वासाची वाफ काचेवर बसेल इतकं जवळ.

"अकरा."

"शंभरात?"

"धुऊन या. मग बघू."

दुसऱ्या दिवशी तो गाल सोलून निघतील इतकं तोंड धुऊन आला. सव्वीस आले. शाळेतसुद्धा एका दिवसात त्याचे इतके मार्क कधी वाढले नव्हते.

आणि मग एकदा, दोरी आवळताना, ती सहज बोलून गेली, "मैदानातला शेवटचा बर्फ गेला की माझं काम संपलं. दुसऱ्या दिवशीची गाडी."

राखोबानं वर पाहिलं. ऊन छान पडलं होतं. आयुष्यात प्रथमच त्याला उन्हाचा राग आला.

पण धंद्यातली एक गोष्ट त्याला ठाऊक होती. शिकाऊ असताना त्यानं एकदा राखेची अख्खी गाडी एकाच जागी उलटी केली होती. पातळ राख बर्फ वितळवते, पण वीतभर जाड थर गोधडीसारखा बसतो, ऊब खाली पोचतच नाही. तिथला बर्फ पेरणी उलटली तरी हलला नव्हता, आणि शेतमालकानं त्याचा उद्धार केला होता. तीच चूक त्यानं आता मन लावून केली. दोरीबाहेर, मैदानाच्या कुंपणाशी साचलेल्या बर्फावर तो रोज सकाळी दोन घमेली ओतू लागला.

झाडांना पालवी फुटली. गाव अर्ध्या बाह्यांत आलं. ढीग जागचा हलेना. एक मधमाशी त्यावर बसली आणि सर्दी घेऊन परतली, असं सांगतात. सांगणारे खोटं कशाला बोलतील.

"आज गाडी?" तो श्वास रोखून विचारायचा.

"छे. बर्फ आहे ना अजून," ती वहीत बघत म्हणायची.

एकच कोडं होतं. राखेचा थर त्यानं टाकलेल्यापेक्षा जाड दिसायचा.

ते आत्यानं सोडवलं. "अरे, भांडी घासायला चिमूटभर राख ठेवत नाही तुम्ही. सकाळी तू नेतोस, दुपारी ती पिवळी टोपी नेते. डोंगर बांधताय का दोघं?"

"ती... नेते?"

"महिना झाला. विचारलं तर म्हणते, शास्त्राचं काम आहे, आत्या. आणि लाजते. शास्त्राला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं."

घमेलं तिथंच टाकून तो धावला. ती ढिगापाशी होती, बादली रिकामी करत, कोपरापर्यंत काळी.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"ऊन कुठं जातं हे मोजायचाच पगार घेते मी."

"मग बोलला नाहीत..."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

कुंपणापलीकडे कुणाचं तरी कुत्रं जांभई देऊन गेलं. राखोबानं घसा खाकरला.

"जाऊ नका. म्हणजे... जाऊ नकोस. मला करमणार नाही."

तिनं बादली खाली ठेवली. "वही द्यायला जावंच लागेल. गुरुवारी परत येईन. पुढच्या हिवाळ्यात इथं मोजायला माणूस हवाय. अर्ज मी परवाच टाकलाय."

"परवाच? मग आजची बादली कशाला?"

"तू बोलेपर्यंत तरी हा बर्फ टिकायला हवा होता ना."

त्यानं फावडं घेतलं. वरचा जाड थर बाजूला ओढला, आणि त्या पांढऱ्यावर, हात अगदी हलका ठेवून, मूठभर राख भुरभुरली.

"उद्या दुपारपर्यंत जाईल."

"जाऊ दे."

बादली आणि फावड्याचा दांडा, जी मिळाली ती बैठक करून दोघं उन्हात बसले. बुटांखालून पाण्याची बारीक धार निघाली होती. तिनं खिशातून यंत्र काढलं, त्याच्या राखेनं माखलेल्या गालासमोर धरलं.

"अकरा."

"धुऊन येऊ?"

"नको," ती म्हणाली आणि आपला काळा हात त्याच्या हातात दिला. "ऊब धरून ठेवतोस. राहू दे तसाच."