पलीकडून धरलेला हात

"थांबा. ती घासणी आधी खाली ठेवा."

हे माझं त्याच्याशी पहिलं वाक्य. लाजून मान खाली घालणं वगैरे माझ्या नशिबात नव्हतंच. मी धक्क्यावर कुणाच्या तरी गाद्यांच्या खोळी पोचवायला आले होते, खांद्यावर हे एवढं ओझं, आणि समोरच्या लाँचवर एक उंच माणूस पुढच्या खिडकीवर भांडी घासायची घासणी चालवत होता. तीही कोरडी. वर मजेत शिट्टी वाजवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो वळला. कपाळावर घाम, नाकावर साबणाचा ठिपका... आणि डोळ्यांत असं हसू, की जणू मी त्याला ओरडायला नाही, भेटायलाच आले होते.

"घासणीचं काय चुकलं?"

"घासणीचं नाही. तुमचं चुकलंय."

त्याचं असं की, बाबा आणि मी लाँचचे कॅनव्हासचे पडदे शिवतो. वारा-पाणी अडवायला त्या पडद्यांत मऊ, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या असतात. त्यांच्यावर खारं पाणी वाळून मिठाचे बारीक कण बसतात. कोरडं फडकं फिरवलं की तेच कण ओरखडे काढतात आणि खिडकी दुधासारखी पांढुरकी होते. लोक स्वतःच्या हातांनी वाटोळं करतात आणि आमच्याकडे येऊन उन्हाला दोष देतात. मी हे सगळं त्याला एका दमात सुनावलं. त्याने मान डोलवत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, मास्तरीणबाई. आता पुढचा धडा?"

पण हसता हसता त्याचा आवाज जरा बसला. लाँच त्याच्या काकांची. काकांचे गुडघे गेले, म्हणून पलीकडच्या काठावर उतारू नेण्याचं काम याने मागून घेतलं होतं. त्यासाठी चांगली टेबलखुर्चीची नोकरी सोडली होती. धक्क्यावरचे लोक चेष्टेने त्याला कप्तान म्हणत. परवा तपासणीसबाई यायच्या होत्या. सुकाणूवरून समोरचं स्वच्छ दिसलं नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर लाँच विकायची, असं काकांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं.

बाबांनी येऊन खिडकी पाहिली आणि मान हलवली. नवी बसवा म्हणाले. पण तसलं प्लास्टिक यायला महिना लागणार होता. कप्तानचं तोंड एवढंसं झालं. ते मला बघवेना, आणि मी बोलून गेले, "मी करून देते." बाबांनी मला बाजूला घेतलं. तू शब्द देऊन बसतेस आणि मला तोंड लपवत फिरावं लागतं, म्हणाले. खरंच होतं ते. पण शब्द तर जाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाँच शेडच्या सावलीत घेतली. ओरखडे घालवायचं पॉलिश उन्हात लावताक्षणी वाळतं. आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली. मग साबणाचं पाणी आणि माझ्या जुन्या सुती ओढणीचे तुकडे. डावीकडची खिडकी आतपर्यंत पिवळी पडली होती. ती गेलीच, हे मी तोंडावर सांगितलं. पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यात बोटभर पॉलिश घेऊन हलक्या हाताने गोल गोल फिरवलं, पुसलं... आणि तेवढ्या टिकलीएवढ्या जागेतून पलीकडचं पाणी चमकलं.

मी श्वास सोडला. जमणार होतं.

पण या कामाला दोन माणसं लागतात. प्लास्टिक मऊ, बाहेरून दाबलं की आत जातं. म्हणून आतून कुणीतरी तळहात धरायचा आणि बाहेरचा हात जिथे जाईल तिथे न्यायचा. मी त्याला आत पाठवलं. एरवी हे काम बाबा करतात. आज ते शिवणयंत्राशी फुरंगटून बसले होते.

"मला तुमचा हात दिसत नाही," आतून आवाज आला.

"दिसायचा नाहीच. ओळखायचा."

पहिल्यांदा तो उजवीकडे गेला, मी डावीकडे. मग मी वर, तो खाली. खिडकीला पोक आलं. मी चिडले, तो हसला, मग मीही हसले... काय करणार? हळूहळू त्याला उमगलं. माझ्या हाताची ऊब प्लास्टिकमधून पलीकडे लागत होती आणि त्याची मला. मी वळले की तो वळायचा, मी थांबले की थांबायचा. शिट्टी केव्हाच बंद झाली होती. मधे ते पांढरं धुकं, आणि धुक्यापलीकडे एक तळहात, जो माझा हात एकदाही सोडत नव्हता.

दुपारपर्यंत माझा खांदा भरून आला. मी फडकं फिरवून एक पट्टा पुसला, आणि त्यात एकदम एक डोळा दिसला. मग दुसरा. इतक्या जवळ, की मी पॉलिशची डबीच पाडली.

"खिडकीकडे बघा," मी दरडावलं.

"खिडकीकडेच बघतोय," तो म्हणाला. "आता आरपार दिसायला लागलं, त्याला मी काय करू?"

माझे कान तापले. मी खाली वाकून डबी शोधत राहिले, जरुरीपेक्षा बराच वेळ. तो आतून ओरडला, की सापडत नसेल तर तुमच्या उजव्या पायापाशी आहे, इथून स्पष्ट दिसतेय. संध्याकाळी आतली बाजूही झाली, वरून मीठ धरू नये म्हणून लावायच्या लेपाचा शेवटचा हात फिरला, तेव्हा आम्ही दोघेही नीट उभे राहू शकत नव्हतो.

तपासणीसबाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. काका काठी टेकत आले, बाबा आले, अख्खा धक्का गोळा झाला. बाईंनी कप्तानला मुद्दाम उन्हाच्या दिशेने लाँच वळवायला सांगितली. पांढुरकी खिडकी उन्हात पेटते आणि पुढचं काही म्हणता काही दिसत नाही. मी धक्क्यावर ओढणीचं टोक चावत उभी. बाबा पुटपुटले, तूही तोंडघशी पडणार आणि मलाही पाडणार.

बाई सुकाणूशी बसल्या. दूरच्या तरंगत्या पिंपावरचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला. मग पिवळ्या खिडकीकडे बोट दाखवलं. कप्तानने काही सारवासारव केली नाही. ती वाचणार नाही, नवी येईपर्यंत गुंडाळून ठेवतो, म्हणाला. बाई पुढच्या खिडकीकडे वळल्या. ही केव्हा बसवली?

"बसवली नाही," तो म्हणाला. "हिने घासली."

हिने. बाईंसमोर, काकांसमोर, माझ्या बाबांसमोर.

परवाना मिळाला. काकांनी किल्ली त्याच्या खिशात कोंबली आणि डोळे पुसायला पाठ फिरवली. भोंगा वाजला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि या वेळी कप्तान म्हणताना कुणी हसलं नाही. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, की आमच्याकडे हे काम असंच होतं.

मी लाँचवर उडी मारून आत गेले. कसं झालं, कुठे राहिलं का, हे बघायला. म्हणजे... तसंच सांगितलं मी सगळ्यांना. तो सुकाणूशी उभा होता. त्याने खिडकीवर तळहात टेकवला, काल धरत होता तसाच.

"आता घासायचं काही उरलं नाही," मी म्हटलं. "हात कशाला?"

"सवय लागली." तो जरा अडखळला. "तू मला आवडतेस. घासणी खाली ठेवा म्हणालीस ना, तेव्हापासून."

मी त्याचा हात खिडकीवरून काढला आणि माझ्या हातात घेतला. मधे प्लास्टिक नव्हतं. किती गरम होता... आणि खरखरीत, पॉलिशने पांढरा झालेला.

बाहेर बाबा जोरात खोकले. आम्ही वळून पाहिलं. धक्क्यावर काका, बाबा, तपासणीसबाई, गाद्यांच्या खोळीवाले, सगळे एका रांगेत उभे राहून आमच्याकडे बघत होते. पुढची खिडकी लख्ख होती.

तो गडबडला, हात सोडवायला लागला. "अगं, सगळ्यांना दिसतंय."

"दिसू दे," मी म्हटलं. "त्यासाठीच तर घासली."