बिनकव्हरची कॅसेट

पांढुर्ण्यात मुकुंदच्या घरी व्हीसीआर आला तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं, चला, आता आपलीही मजा झाली. कसलं काय! संत्र्याचा हा व्यापारी मंडीत जितका मोकळा, घरात तितकाच कंजूष. कॅसेट कोणाला द्यायची नाही, कोणासोबत बसून पाहायची नाही. आणि पाहायचा तरी काय, तर इटलीत बनलेले जुने पैलवानांचे पिक्चर. तेल चोपडलेला, मांड्या उघड्या टाकलेला एक दांडगा गडी, त्याच्या अंगावर सोडलेले सिंह, साखळदंडांनी ओढून पाडलेले देवळाचे खांब, आणि रेतीच्या आखाड्याभोवती पायऱ्यांवर बसून बोंबलणारे हजारो रोमन लोक. बोलणं इंग्रजी, ओठ हलायचे भलतेच. मुकुंदला त्यातलं अर्धंही समजत नसे. पण आखाड्यात माणूस पडला आणि मारणारा वर राजाकडे पाहू लागला, की याच्या हातातला घास हातातच राहायचा.

कॅसेटी तो संत्र्याच्या लाकडी पेट्यांत ठेवायचा. तळाशी तांदळाच्या पुरचुंड्या, कारण पावसाळ्यात फितीला बुरशी धरते. काही कॅसेटी नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेल्या, काही मस्कतला असलेल्या चुलतभावाकडून मागवलेल्या. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा त्याने मोडून ठेवला होता. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही.

पण वसंतने भरलं. वसंत हा त्याचा मेव्हणा, बायकोचा एकुलता एक भाऊ. नलिनीचं माहेर सावरगावचं, म्हणजे जाम नदीच्या पलीकडच्या काठाचं. तिकडच्या छतावर वाळत घातलेली लुगडी इकडून दिसायची. वसंत दिवसातून दोनदा पूल ओलांडून बहिणीकडे यायचा. आईने नवस बोलून घातलेलं चांदीचं कडं त्याच्या उजव्या पायात, त्यामुळे तो दारात येण्याआधीच ओळखू यायचा. एका दुपारी मुकुंद मंडीत असताना त्याने मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली आणि क्रिकेटची मॅच भरून घेतली. नेमकी कोणत्या कॅसेटवर? जिच्यासाठी मुकुंदने चार वर्षं मस्कतच्या भावाचं डोकं खाल्लं होतं तिच्यावर.

"जाऊ द्या ना भाऊजी," वसंत हसत म्हणाला. "तुमच्यापाशी तसे लय हायेत. सगळे उघडेच तर फिरून राह्यले त्यात."

मुकुंदही हसला. "राहू दे," म्हणाला, "पोरगं हाये."

नलिनी मात्र स्वयंपाकघरातून नवऱ्याचं तोंड पाहत होती. तिला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

पुसला गेलेला तो पिक्चर आणखी कोणाकडे असलाच तर सौंसरच्या देवीदास मास्तरांकडे. त्या भागात हे वेड असलेले दोघंच. मुकुंदने स्कूटर काढली, जामसांवलीच्या फाट्यावर थांबून मारुतीला हात जोडले आणि दुपारच्या उन्हात मास्तरांच्या घरी पोचला.

मास्तर एकटा गडी, घरात फक्त म्हातारी आई. समोरच्या खोलीत टीव्ही, वर भिंतीवर हार घातलेले दोन फोटो: मास्तरांचे वडील आणि मोठा भाऊ. मुकुंदला हवा असलेला पिक्चर त्यांच्याकडे नव्हता. लोखंडी कपाटात मात्र सगळ्यांपासून वेगळी, एक बिनकव्हरची काळी कॅसेट पडलेली होती.

"हा कोणता?"

"तो नाई," मास्तर म्हणाले.

"काहून नाई?"

मास्तर बराच वेळ कपाटाच्या किल्लीशी चाळा करत राहिले. खरं तर त्यांनी तेव्हाच कपाट लावून टाकायचं होतं. पण वेड लागलेल्या माणसाला दुसरा वेडा भेटला, की दाखवल्याशिवाय राहवत नाही.

"दाखवतो. पण तोंडातून शब्द काढाचा नाई मुकुंदभाऊ. तुमची पांढुर्ण्याची माणसं नदीकाठी उभी राहून 'मार, मार' करत मोठी झालेली. माझे बाबा बी तिथलेच. त्यायले नाई राहवलं."

"मंग का झालं?"

मास्तरांनी मोठ्या भावाच्या फोटोकडे पाहिलं.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात काय होतं ते ठाऊक नाही असा माणूस त्या मुलखात सापडायचा नाही. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधे दगडगोट्यांचा पाऊस. जो कुऱ्हाड घेऊन पाण्यात शिरतो आणि झाड तोडतो तो जिंकला. बाकीचं गाव काठावर उभं राहून ओरडतं. मुकुंदच्या डोक्याला मागच्या बाजूला लहानपणी असाच गोटा लागला होता. तिथे रुपयाएवढ्या जागेवर पुन्हा केस उगवले नाहीत. तेव्हापासून तो पाण्यात उतरत नसे, पण काठावर त्याच्याइतका गळा कोणी फाडत नसे.

तर मास्तरांनी कॅसेट लावली. नाव नाही, पाट्या नाहीत, एकदम आखाडाच. रेती बारीक आणि पांढरी, पिठासारखी. दोघं लढतात. एक पालथा पडतो, तोंड रेतीत. दुसरा, तो मोठा पैलवान, त्याच्यापाशी उभा राहतो आणि मान वर करतो.

मुकुंद राजा दिसायची वाट पाहत होता. राजा आलाच नाही. पैलवान वर पाहत होता तो सरळ काचेतून बाहेर, खाटेवर बसलेल्या दोघांकडे. मागचे लोक गप्प झाले. पैलवानाचे ओठ हलले. आवाज नव्हता. पण या पिक्चरांत आजवर कधीच न जुळलेले ओठ इथे गावच्या बोलीशी अगदी जुळत होते, आणि तो विचारत होता, "का करू?" काय करू, मारू की सोडू?

मग तो थांबला. छाती वरखाली होत होती, घाम गळत होता, आणि तो नुसता वाट पाहत होता. मुकुंदच्या ओठांवर 'मार' आलं. त्याने दातांखाली जीभ धरली.

मास्तरांनी बटण दाबलं आणि कॅसेट काढून कपाटात ठेवली. "याच्या पुढं मी कधी पाह्यलं नाई."

तेवढ्यात त्यांची आई, शांताबाई, चहा घेऊन आली. बंद टीव्हीकडे तिने पाठ केली, कप ठेवले आणि तशीच आत गेली. मास्तर बशा आणायला तिच्यामागे गेले. मुकुंदने हातोहात बदल्यात द्यायला आणलेली आपली कॅसेट कपाटात सरकवली आणि ती काळी कॅसेट पिशवीत घातली. संग्रह करणाऱ्या माणसाची नियत ही अशी! परतताना जामसांवलीच्या फाट्यावर त्याने स्कूटर थांबवली नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नदीवर ढोल वाजू लागले. नलिनी उठल्यापासून अस्वस्थ होती. वसंतने या वर्षी सावरगावकडून कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरायचं ठरवलं होतं. आईचं ऐकलं नाही, बहिणीचं ऐकलं नाही.

"अवो, तुमी जा ना एकदा पुलावर," ती मुकुंदला म्हणाली. "तुमचं ऐकन तो. तुम्हाले भिते. हात धरून आणा त्याले. एकच भाऊ हाये माझा."

"जातो म्हटलं ना. चहा तं होऊ दे."

चहा झाला, जेवण झालं. मुकुंद गेला नाही. दुपारी त्याने खोलीची खिडकी लावली आणि बिनकव्हरची कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली.

ढोल बंद खिडकीतूनही ऐकू येत होते. मधूनच गर्दीची आरोळी उठायची आणि खाली बसायची. पडद्यावर तोच आखाडा, तीच पांढरी रेती. दोघं लढले. एक पालथा पडला. पैलवान त्याच्यापाशी येऊन उभा राहिला.

त्याच्या हातात तलवार नव्हती. गोटा होता. नदीतला, गुळगुळीत, काळा.

मुकुंद पुढे सरकला. पडलेल्या माणसाचे पाय दिसत होते. उजव्या पायात चांदीचं कडं होतं.

"अवो," नलिनी दारातून म्हणाली. "झाडापाशी पोचला म्हणतात तो. उठा ना. पाया पडते तुमच्या."

त्याने मागे न पाहता हाताने तिला गप्प केलं.

पैलवानाने मान वर केली. त्याचे ओठ हलले. का करू?

नुसतं बटण दाबायचं होतं. हात पोचेल इतकं जवळ. पण मुकुंदला एकदम ती चिकटपट्टी आठवली, मॅच आठवली, आणि 'सगळे उघडेच तर फिरून राह्यले' असं म्हणून हसणारं वसंतचं तोंड आठवलं. बाहेर काठावर आरोळी उठली.

"मार!" मुकुंद ओरडला.

सवयीने निघालं तोंडातून, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. पण कडं त्याने आधी पाहिलं होतं.

पैलवानाने मान हलवली, एखाद्या गड्याने मालकाचं काम ऐकून घ्यावं तशी. मग गोटा खाली आला.

बाहेरचे ढोल थांबले.

वसंतला कानशिलावर लागला होता. एकच गोटा. कोणाचा ते कधी कळत नाही, आणि तिथे कोणी विचारतही नाही. नलिनी चप्पल न घालता पूल ओलांडून गेली आणि तेरवीपर्यंत परतली नाही.

त्या दिवसांत मुकुंद सौंसरला गेला. कॅसेट त्याने मास्तरांसमोर ठेवली.

"मास्तर, चुकलो. घ्या ही परत."

मास्तरांनी तिला हात लावला नाही. "बोललात ना? मंग आता तुमचीच ती."

"फोडून टाकतो. जाळतो."

"जाळा. पण आता तो पडद्यात उभा राहून वाट पाह्यते. कॅसेट जाळल्यावर कुठं उभा राहील, ते मले नाई माहीत. तुम्हाले माहीत असन तं जाळा."

मुकुंदचं लक्ष भिंतीवरच्या फोटोंकडे गेलं. भावाचं त्याला समजलं होतं. शेजारी वडिलांचा होता.

"बाबाचं कसं झालं, मास्तर?"

मास्तर आतल्या खोलीकडे पाहत हळूच म्हणाले, "बाबा बोलले तेव्हा आई दारात उभी होती. तिच्या पोराचा जीव गेलता. मंग एक दिवस तिनं एकटीनं पिक्चर लावला."

आतून शांताबाईंनी विचारलं, "देवीदास, चहा टाकू का रे?"

मुकुंद उठला तो चहा न घेताच. घरी आल्यावर त्याने कॅसेट संत्र्याच्या पेटीत तळाला घातली, वर बाकीच्या रचल्या आणि खिळे ठोकले.

तेरवी झाली आणि नलिनी परत आली. रडली नाही, भांडली नाही. केर काढला, चूल सारवली, रात्री त्याला गरम भाकर वाढली. मुकुंदला वाटलं, सुटलो. बिचारीला काही दिसलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मंडीतून आला तर पेटीचे खिळे उपटलेले होते. खोलीत टीव्हीचा निळा उजेड होता. आयुष्यात एकही पिक्चर पूर्ण न पाहिलेली नलिनी जमिनीवर मांडी घालून बसली होती.

पडद्यावर पांढरी रेती. पालथा पडलेला माणूस. त्याच्या डोक्याला मागच्या बाजूला, रुपयाएवढी, केस नसलेली जागा.

पैलवान उभा होता. नलिनीकडे पाहत होता.

"नलू," मुकुंद म्हणाला. टीव्हीला हात लावला तर ती बोलेल, म्हणून तो दारातच थांबला. "नलू, बोलू नको. तुझ्या पाया पडतो. बोलू नको."

"मी कुठं बोलून राह्यली?" तिने मान न वळवता म्हटलं.

पैलवानाचे ओठ हलले. तो थांबला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, तोही तिच्याकडे पाहत राहिला. रस्त्यावरून बर्फवाल्याची घंटी गेली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मुकुंदला आपल्या डोक्यात ऐकू येत होता.

मग नलिनीने हात लांब करून बटण दाबलं.

"आज नाई," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या. पान वाढते."

आता हे रोजचं झालं. तो बाहेर राहिला तरी ती लावते, घरी असला तरी लावते. एकदा तो महिनाभर मोहगावला बहिणीकडे जाऊन राहिला, तर तिने निरोप धाडला, काळजी करू नका, मी रोज पाहून राह्यली. तो दुसऱ्याच दिवशी परत आला. निदान समोर असलं म्हणजे तिच्या तोंडाकडे तरी पाहता येतं. ती कधी ओठ ओले करते, कधी घसा खाकरते, आणि मुकुंद दाराची चौकट धरून उभा राहतो. मंडीत त्याचा आवाज आता कोणाला ऐकू येत नाही. संत्र्याचे भाव दुसरेच बोलतात.

"आज नाई," ती म्हणते, बटण दाबते आणि पान वाढायला उठते.

तो मोरीवर जाऊन वाकतो, डोक्यावर पाणी घेतो, मागची ती बोडकी जागा बोटांनी चाचपतो. पाणी वाहून जातं. खाली फरशीवर थोडी रेती उरते. जाम नदीची असते तशी जाड, काळपट नाही. बारीक, पांढरी, पिठासारखी.

कालपेक्षा जास्त.