‘बरं हाय’ म्हणणारी मुलगी

मोताळ्याच्या स्टँडवर मी एसटीची वाट पाहत बसले होते. हवेत बोचरी थंडी होती, रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, आणि माझ्या मांडीवर ‘शेषनगरीचा राजपुत्र’ उघडं पडलं होतं. शेवटची पंचवीस पानं... काही केल्या संपत नव्हती.

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला ट्रेनिंग कॉलेजात शिकत होते. दुसऱ्या दिवशी धामणगाव बढ्याला मला पाहायला दुसरबीडची मंडळी येणार होती. मुलगा याच तालुक्यात मास्तर, शिवाय लेखक! मध्यस्थ कारभारीमामांनी त्याचं पुस्तक, पुठ्ठ्यावर माझं नाव घालून, आधीच पाठवलं होतं, आणि आईनं बजावलं होतं, “वाचून ये, अन् लई चांगलं हाय म्हणजो.”

“कसं हाय पुस्तक?”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच तरुण येऊन बसला होता. बाहीला खडूची पूड. अनोळखी माणसाशी मी कधी बोलत नसे. पण कंटाळलेल्या माणसाला कुणीतरी विचारणारं हवंच असतं.

“बरं हाय,” मी म्हटलं.

“बरं म्हंजे?”

“म्हंजे... हातात घेतलं तं वाचून होते. खाली ठेवलं तं आठवत नाही.”

“काऊन बरं?”

“ती नागकन्या पाहा ना. डोक्यावर मणी हाय, पाताळातल्या साऱ्या वाटा तिले ठाऊक. तरी खिडकीत बसून रडते, राजपुत्र येईन म्हणून! अन् राजपुत्र अडला की देव हाजीर, हातात नवीन शस्त्र घेऊन. पोरांले तरी खरं वाटन का हे?”

“म्हंजे काहीच आवडलं नाही?”

“एक आवडलं. तो अंधारात उपाशी बसते अन् त्याले घरची ज्वारीची भाकर आठवते. तेवढं खरं वाटलं. लेखक कधीतरी उपाशी राह्यला असन.”

“राह्यला होता,” तो हळूच म्हणाला. “बोर्डिंगात असताना.”

“तुमाले काय ठाऊक?”

तेवढ्यात एसटी आली. मी धावत जाऊन जागा धरली. त्यानं माझी पिशवी खिडकीतून आत दिली... आणि पिशवीचा बंद हातातून सोडायलाच विसरला.

“मी इंद्रभान,” तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते. “उद्या तुमच्या घरी पाहाले येऊन राह्यलो. म्हंजे... येऊ ना?”

गाडी सुटली.

घरी पोहोचेपर्यंत एकच विचार छळत होता – आता तो कशाला येतोय! आणि गंमत म्हणजे, सकाळपर्यंत ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, तो येणार नाही ही कल्पनाच सहन होत नव्हती.

तो आला. आईवडिलांसोबत, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि त्याचे वडील, भगवानराव, मिशीवर हात फिरवत म्हणाले, “काय कोकिळा, आमच्या पोराचं पुस्तक वाचलं म्हणते. कसं वाटलं?”

आईनं दारातून डोळे वटारले. मी इंद्रभानकडे पाहिलं. तो बशीतल्या पोह्यांत काहीतरी शोधत होता.

खोटं बोलावं? ज्याच्यासोबत जन्म काढायचा, त्याच्याशी सुरुवातच खोट्यानं?

“बरं हाय,” मी म्हटलं.

कारभारीमामांना ठसका लागला. बाबा खाली पाहू लागले. भगवानराव टक लावून माझ्याकडे पाहत राहिले... आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं.

“मले तं दहाव्या पानावरच झोप लागली होती! पण लेकराले कसं सांगावं?”

“बाबा...” इंद्रभान म्हणाला, पण तोही हसत होता.

त्याच्या आईनं मग आम्हाला परसात पाठवलं. म्हणाल्या, लिंबाचं झाड दाखव त्याले. झाड दाखवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघं त्याच्याकडेच पाहत उभे राहिलो.

“राग आला?” मी विचारलं.

“आला होता. मोताळ्यापासून घरापर्यंत पुरला.” तो थांबला. “हेडमास्तर म्हणाले उत्तम, गाववाले म्हणाले उत्तम. कोणी वाचलंच नव्हतं, कोकिळाबाई. तुम्ही वाचलं. अन्... तुम्ही काल माझं नाव ऐकून घाबरल्या काय?”

“हो.”

“लग्न मोडन म्हणून?”

“नाही.” लिंबाचं पान माझ्या बोटांत चुरगळून गेलं. “तुम्ही येणार नाही म्हणून.”

तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि मला कुठे पाहावं ते कळेना.

“माझं ट्रेनिंग अजून बाकी हाय,” मी घाईनं म्हटलं. “अन् मग नोकरी करीन मी.”

“करा. मीबी तेच सांगाले आलो होतो.” त्यानं दाराकडे पाऊल टाकलं. “मग सांगू काय आत, दोघांची पसंती हाय म्हणून?”

“थांबा,” मी म्हटलं, “मीच सांगते.”

पदर सावरून मी त्याच्या पुढे घरात शिरले. बैठकीतलं बोलणं थांबलं.

“बाबा,” मी म्हटलं, “मले पसंत हाय.”