बारा फूट

सकाळी प्रतिखाडीने कांडवण खाडीचे दोन आकडे दिले. येणारं पाणी बारा फूट. लोकांना सांगायचा आकडाही बारा फूट.

"सारखे आहेत," अश्लेषा कर्णिक म्हणाली.

"मग सारखे सांग," विभागप्रमुख दळवी म्हणाले. पाऊस लागल्यापासून ते पूर-अंदाज केंद्रातच झोपत होते. "तेवढंच पाप कमी."

प्रतिखाडी म्हणजे संगणकातली खाडी. खरी खाडी हजारो चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनात भरती, वारा आणि नदीचा लोंढा यांचं गणित ती मांडे. पाण्याचं गणित फार पूर्वीच जुळलं होतं. तरीही पुराचा अंदाज चुकायचा, कारण अंदाज ऐकून माणसं काहीतरी करतात आणि त्यामुळे पूरच बदलतो.

जुवे गावाचंच बघा. जेटीच्या खांबावर दहा फुटांपर्यंत पाणी येणार असेल तर शेतांत खारं पाणी येऊ न देणाऱ्या खारबांधाला धोका नसतो. दहा ते तेरा फुटांना घरटी एक माणूस चिखल आणि पेंढा घेऊन बांधावर उभा राहतो आणि बांध तगतो. तेराच्या वर बांध खाडीला सोडून द्यायचा, असा रिवाज. पण बांध तगला की जुव्याच्या शेतांत न पसरलेलं पाणी वर मोहपण शहरात, सखल वस्तीत शिरतं. तिथे माणसं मरतात.

म्हणून प्रतिखाडीत माणसांच्या वागण्याचं गणितही घातलं गेलं. प्रतिखाडी प्रत्येक आकडा आधी स्वतःशी जाहीर करून पाही आणि ज्याने सर्वांत कमी माणसं मरतील तो निवडी. त्याला केंद्रात घोषांक म्हणत. गाव सांगितलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवतं, त्या मापाला विश्वासगुणक. या दोन्ही शब्दांची केंद्राबाहेर वाच्यता नव्हती.

मागच्या मोठ्या पुरात पाणी बारा फूट येणार होतं. घोषांक नऊ होता. जुवं निवांत घरी बसलं, बांधाला खांड पडली, शहरात कोणी मेलं नाही. जुव्याची जमीन खारी झाली. ती पुन्हा गोडी व्हायला तीन पावसाळे गेले.

फोन वाजला. जुव्याच्या बांध समितीचे काशिनाथ म्हात्रे. मोठी भरती असली की त्यांचा फोन ठरलेला.

"मॅडम, आज किती?"

"बारा फूट, काका."

"नक्की? भात पोटरीला आलंय. तीन वर्षांनी."

"नक्की बारा." खरा आकडा तोंडातून सहज निघाला, याचं तिला बरं वाटलं. पण बाराला जुवं बांधावर जाणार. मग शहर?

पलीकडे काशिनाथ कोणाशी तरी बोलले आणि पुन्हा फोनवर आले.

"मागल्या पुराला तुम्ही नऊ सांगितलंत नि आलं बारा. तुमचं मशीन तीन फूट कमी बोलतं. तुमचा दोष नाय. म्हणजे आज पंधरा. पोरांना कशाला बुडवू? बांध सोडतो."

"काका, या वेळी खरंच बाराच आहे."

"मागल्या टायमालाही खरंच होतं ना?"

तिला उत्तर सुचलं होतं. नऊ खोटं होतं, बारा खरं आहे, माणसं पाठवा. तिने खिडकीतून खाली मोहपणच्या सखल वस्तीकडे पाहिलं. पत्र्यांवर कपडे वाळत घातले होते, पावसाची उघडीप होती म्हणून.

"काळजी घ्या, काका," ती म्हणाली.

दळवींनी मान वर केली नाही. "खरं सांगूनही चालेल असं तिला वाटलं, तेव्हाच मला शंका आली होती," ते म्हणाले. तिला म्हणजे प्रतिखाडीला.

दुपारच्या भरतीत बांध फुटला. शहरात कोणी मेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काशिनाथांचा फोन आला.

"मॅडम, जेटीच्या खांबावर पाणी बरोब्बर बाराला थांबलं. आम्हीच शहाणपणा केला. घरटी माणूस बांधावर गेला असता तर भात वाचलं असतं. चूक आमची. आता तुम्ही सांगाल तो आकडा. वर एक बोट नाय लावायचं."

फोन ठेवून अश्लेषा पडद्याकडे वळली. प्रतिखाडीने जुव्याचा विश्वासगुणक वाढवून ठेवला होता. नोंदीची वेळ कालची होती, भरतीच्या आधीची.