वार्दिसची घंटा

वार्दिसच्या बोकडाच्या गळ्यातली घंटा उतरवायची, एवढ्यासाठी आर्गिरोने सुट्टीचा एक अख्खा दिवस काढून ठेवला होता. वार्दिस म्हणजे तिचे वडील. क्रीट बेटाच्या त्यांच्या डोंगरात धनगर गेला की त्याच्या कळपाच्या सगळ्या घंटा उतरवतात. कळप वर्षभर मुक्याने चरतो. गेल्या हिवाळ्यात वार्दिस गेला, तेव्हा त्याच्या भावाने, मानूसोसकाकाने, त्या उतरवल्याही. पण कळपाचा म्होरक्या, राखी बोकड, त्या गडबडीत खिंडीत पळाला तो पळालाच! त्याच दिवसांत वादळाने जहाजं बंद पडली, आर्गिरो अथेन्सच्या बंदरात अडकली आणि वडिलांचं शेवटचं दर्शनही तिला झालं नाही. त्यांच्यासाठी करण्यासारखं हे एकच काम उरलं होतं.

"तो कोस्मास नाववाला रोज टोमणा मारतो," काका कुरकुरला. "म्हणे, तुमच्या वार्दिसचा दुखवटा सुरू कधी होणार? मान खाली घालून चालावं लागतं, पोरी."

"लोक सुट्टीत समुद्रात डुंबतात," तिचा नवरा फानिस घाम पुसत म्हणाला. "आम्ही बोकडामागे!"

"जावईबापू, खिंड संपली की समुद्रच आहे. पोचलात तर डुंबा की!"

सकाळी खिंड मोठी देखणी दिसत होती. कोरड्या पात्रात कण्हेर फुलली होती, पायाखाली रानओवा चुरडला की वास दरवळत होता आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून आभाळाची निळी पट्टी तेवढी दिसत होती. जवाचे कडक पाव आणि चीज खाताना काका वार्दिसच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होता, आणि आर्गिरो हसत हसत आणखी विचारत होती.

आणि घंटा वाजली! टण्... टण्...

आर्गिरो ताडकन उठली. तोच आवाज! लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या हा आवाज ऐकला की वडील घरी आले हे तिला कळायचं. ती धावलीच. आवाज उजव्या फाट्यातून मोठा येत होता, म्हणून तिघंही उजवीकडे शिरले. वाट अरुंद होत गेली, मग खडकांवर खडक चढावे लागले, आणि शेवटी समोर सरळसोट भिंत! बोकड नाही, काही नाही. तो नुसता प्रतिध्वनी होता.

"डोंगरात हयात गेली आणि मी फसलो!" काकाने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात वर काहीतरी खडखडलं. रानबकऱ्या!

"भिंतीला चिकटा!" आर्गिरो ओरडली.

दगड कोसळले. एक फानिसच्या कानाजवळून गेला. दुसरा काकाच्या गुडघ्यावर बसला. पाण्याच्या पिशवीवर तर धोंडाच पडला! धूळ बसली तेव्हा पाणी वाळूत जिरत होतं आणि काका दात-ओठ खात गुडघा धरून बसला होता.

ऊन डोक्यावर आलं. काकाला दोघांनी आधार देऊन फाट्याच्या तोंडाशी आणलं, पण मागे गाव लांब आणि पुढे समुद्र किती दूर ते कळेना. काकाचे ओठ पांढरे पडले. "मला इथेच ठेवा," तो पुटपुटला.

"गप्प बसा!" फानिस खेकसला. सकाळपासून त्याने प्रथमच थट्टा केली नव्हती.

टण्. टण्. टण्. टण्.

आर्गिरोने डोळे मिटले. वडील सांगायचे, थांबून थांबून वाजली तर बोकड चरतोय. एका चालीत वाजली तर पाण्याला निघालाय. आणि खरा आवाज आधी येतो, भिंतीवरचा मागून. या वेळी ती मोठ्या आवाजाला भुलली नाही.

"डावीकडे!"

डावीकडे कड्यावर वीतभर रुंदीची वाट होती. खाली बघायची सोय नव्हती. आर्गिरो पुढे, मध्ये काका, मागून फानिसने त्याचा पट्टा धरलेला. एक पाऊल. थांब. आणखी एक. काकाचा पाय घसरला! फानिसने त्याला कड्यावर दाबून धरलं. तिघंही मोठमोठ्याने श्वास घेत राहिले, मग पुन्हा सरकू लागले.

वर पोचले तर जुन्या नगराचे पडके खांब, त्यांच्या मध्ये हजारो वर्षांपूर्वीचं कमानीचं टाकं, आणि टाक्यात पाणी! राखी बोकड पायरीवर उभा राहून पाणी पीत होता. मागे त्याची वाट पाहत कळपातल्या बिनघंटांच्या शेळ्या आणि करडं उभी होती. खाली किनाऱ्यावर छत्र्यांखाली माणसं पहुडली होती.

पोटभर पाणी प्यायल्यावर फानिसने बोकडाची शिंगं धरली. काकाचा ओळखीचा हात पाठीवर पडताच बोकड गप्प उभा राहिला. पट्टा मानेत रुतला होता. तिथलं कातडं सोललं होतं.

"काढ, पोरी," काका म्हणाला.

तिने पट्टा सोडला. पट्ट्याच्या आतून वडिलांनी हाताने घातलेले शिवणीचे टाके होते. तिने घंटा गालाला लावली, जरा वेळ तशीच धरून ठेवली. मग जखम धुतली आणि पट्टा सैल करून घंटा पुन्हा बोकडाच्या गळ्यात बांधली.

"दुखवटा मी पाळते, काका. याला वाजू दे."

"आणि गावाला काय सांगू मी?"

तिने बोकडाच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला कळपाकडे सोडलं.

संध्याकाळी खाली किनाऱ्यावर, गावाकडे परतायला कोस्मासच्या नावेत बसताना वरच्या खांबांतून आवाज आलाच. टण्... टण्...

"काय मानूसोस!" कोस्मास हसला. "वार्दिसची घंटा अजून वाजतेच आहे!"

काकाने दुखरा पाय नावेत ओढून घेतला आणि मान वर केली.

"वाजणारच! आज त्याने आपल्या पोरीला पाणी पाजलं."

आर्गिरोने फानिसच्या खांद्यावर तोंड लपवलं आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोकळेपणाने रडली.