आत गेलेलं बटण

"लाल बटणाची तिन्ही चित्रं तू दाबलेलीच पाठवलीयस," चष्मा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला.

चष्मा म्हणजे आमच्या ऑफिसात कोड लिहिणारा. वेबसाइटची चित्रं मी करते आणि पानावर तो बसवतो. आमच्या डोक्यावर एक बॉस आहेत. पाठीमागे आम्ही त्यांना 'लगेच' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू होतं.

"एक साधं, एक माउस वर आल्यावरचं, एक दाबलेलं," मी म्हणाले. "काल स्वतः बघून पाठवलंय."

"मग येऊन बघ."

मी तणतणतच गेले. त्या आठवड्यात मी सगळ्यांवरच तणतणत होते. काम होतं एका लिफ्ट कंपनीचं, आणि तिचं नाव कानावर पडलं तरी माझं टाळकं फिरायचं. बाबांनी उभी हयात त्या कंपनीत मेकॅनिक म्हणून काढली होती आणि तिनेच त्यांना चोर असल्यासारखं हाकलून दिलं होतं. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर 'लगेच'नी काम दुसऱ्याला दिलं असतं, आणि दुसरं होतं कोण?

त्या कंपनीच्या मालकांची हौस अशी, की वेबसाइटवरची बटणं लिफ्टच्या बटणांसारखी दिसली पाहिजेत. त्यांच्या पहिल्या लिफ्टचं जुनं स्टीलचं पॅनल त्यांनी जपून ठेवलं होतं. त्याचा फोटो आम्हाला आला. त्यातून मी एकेक बटण कापून काढलं, कडा साफ केल्या, मागचा भाग पारदर्शक केला. मजल्यांचे आकडे मेनूसाठी, 'दार उघडा' हे आत जाण्यासाठी आणि लाल घंटेचं बटण 'संपर्क करा' म्हणून.

चष्म्याच्या स्क्रीनवर आकडे ठीक होते, 'दार उघडा' ठीक होतं. लाल घंटा मात्र आत गेलेली होती. साध्या चित्रातही आत, माउसच्या चित्रातही आत.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सावलीचा. बटण वर आहे की आत, हे डोळ्याला सावलीच कळवते. उजेड वरच्या कडेला पडला तर बटण फुगीर दिसतं, खालच्या कडेला पडला तर खोलगट. चित्र उलटं झालं की फुगवट्याचा खळगा होतो. मी चित्र मोठं करून पाहिलं. घंटेची आकृती सुलटी होती, उजेड वरच्याच कडेला होता. आणि तरी बटण आतच होतं. लाल टोपी आणि स्टीलची कडी यांच्यामधली गोल भिंत त्यात स्पष्ट दिसत होती. मी काढलेल्या साध्या बटणाला अशी भिंतच नव्हती.

जागेवर परत येऊन मी माझी फाइल उघडली. बटण वर होतं, गुळगुळीत आणि फुगीर. एक्स्पोर्ट केलं. तयार झालेलं चित्र माझ्याच मशीनवर उघडलं.

आत.

दुपारभर मी दुसरं काही केलं नाही. दुसऱ्या प्रकारात एक्स्पोर्ट केलं, नाव बदलून केलं, चष्म्याच्या मशीनवर बसून केलं. शेवटी फोटो बाजूला सारला आणि कोऱ्या पानावर लाल गोळा नव्याने काढला. त्याला ना स्टील, ना जुना उजेड, ना घंटा. तो एक्स्पोर्ट होऊन बाहेर आला तेव्हा पुरता आत रुतलेला होता आणि मधोमध जरा धुरकट झाला होता. आरशाजवळ तोंड नेऊन बोललं की आरसा होतो ना, तसा.

"लगेच दुरुस्त करा," बॉस म्हणाले. "उद्या मालक येतायत. एक बटण जमत नाही तुम्हाला?"

"नाही जमत," मी म्हणाले. "तुम्ही करून दाखवा."

त्यांनी चष्म्याकडे पाहिलं. चष्म्याने कीबोर्डकडे.

घरी गेले तेव्हा बाबा शेजाऱ्यांचा बिघडलेला पंखा उघडून बसले होते. कामावरून काढल्यापासून त्यांचे दिवस असेच जातात. मी कोणाचं काम करतेय हे त्यांना सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं, आणि तिने मला गप्प राहायची तंबी दिली होती. पण त्या दिवशी माझ्याच्याने राहवेना. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, लिफ्टचं बटण असं आतच राहतं का कधी?"

त्यांनी हात पुसले आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मागे स्प्रिंग असते," ते म्हणाले. "बोट काढलं की बटण वर येणारच. आत आहे म्हणजे कुणीतरी दाबून धरलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे आमच्या ऑफिसच्या लिफ्टचं आहे. कुठून आणलंस?"

स्वयंपाकघरातून आई धावत आली. "मिटव ते! जेवायच्या वेळी काय हे?"

त्या लिफ्टची गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. मोठी सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मालकांनी बाबांना सांगितलं, "लिफ्टचा मेन स्विच बंद कर आणि जा घरी, मी थोडा वेळ बसतोय." बाबांनी मेन बंद केला, प्रत्येक मजल्यावर हाक मारली आणि ते घरी आले. कंपनीत हिशेब बघणाऱ्या बाई तेव्हा लिफ्टमध्ये होत्या. हाक त्यांना ऐकू का गेली नाही, हे कुणाला कधीच कळलं नाही. सुट्टी संपल्यावर दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मेन बंद असला तरी धोक्याची घंटा बॅटरीवर वाजते. चौकशीत मालकांनी सांगितलं, "मी उशिरापर्यंत माझ्या खोलीत होतो. घंटा वाजलीच नाही." म्हणजे बॅटरी मेलेली होती, म्हणजे हयगय मेकॅनिकची. बाबा जीव तोडून सांगत होते की बॅटरी मी त्याच महिन्यात बदललीय. त्यांचं कोण ऐकतो? बाईंच्या नवऱ्याने भर रस्त्यात बाबांची कॉलर धरली. बाबांनी ती सोडवून घेतली नाही.

लॅपटॉपवरचं बटण पाहिलं त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलली नाही. मी अंथरुणावर मुठी वळून पडून राहिले.

सकाळी मालक आले. पांढरेशुभ्र कपडे, मऊ आवाज, सगळ्यांना "बाळा". मी कोण, हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. बैठकीच्या खोलीत 'लगेच'नी पडदे ओढले आणि चष्म्याने भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर पान लावलं.

पॅनल झकास दिसत होतं. मालक खूश झाले. मग त्यांची नजर खाली लाल बटणावर गेली.

"हे असं का?"

"लगेच दुरुस्त होईल, सर," बॉस म्हणाले. "आमच्या मुलीची जरा चूक झालीय."

"माझी चूक नाही," मी म्हणाले.

"बाळा, मग कुणाची?" मालक हसून म्हणाले. "वर आण ते."

"येत नाही वर."

मोठ्या स्क्रीनवर ते ताटलीएवढं दिसत होतं. कालच्या नव्या गोळ्यावरचा धुरकटपणा आता या बटणावरही आला होता. त्याच्या मधोमध एक लांबट, स्वच्छ ठसा होता. तो आदल्या दिवशी नव्हता. अंगठ्याचा असावा. मी बघत असतानाच त्याच्या कडा पांढऱ्या पडल्या. जोर लावला की नखाभोवती रक्त सरकतं, तशा.

चष्म्याने माउसवरचा हात काढून घेतला.

"काय थट्टा चालवलीय?" मालकांचा आवाज आता मऊ नव्हता. "चित्र आहे ते! चित्रातलं बटण वर येत नाही म्हणजे काय?"

माझा तोल सुटला. एवढ्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं.

"कुणीतरी दाबून धरलंय ते!" मी ओरडले. "तेव्हापासून दाबून धरलंय! कुणी आलंच नाही म्हणून!"

"मूर्खासारखं बोलू नकोस!" मालक उठून उभे राहिले. "एवढा वेळ कोण दाबून धरतं? तासाभरात थांबली होती ती!"



आपण काय बोलून गेलो ते मालकांना लगेच कळलं नाही. आधी कळलं ते चष्म्याला; बाईंची आणि न वाजलेल्या घंटेची बातमी तेव्हा पेपरात आली होती. त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग बॉसनी पाहिलं.

'ती' म्हणजे घंटा की बाई, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

स्क्रीनवरचं बटण वर आलं.

कुणी काही दाबलं नव्हतं. ते सावकाश वर आलं, दुखऱ्या हाताने सोडावं तसं. धुरकटपणा निवळला. ठसा गेला.

मालक खुर्चीची पाठ धरून उभे होते. "पाणी," एवढंच ते म्हणाले. कुणी उठलं नाही. थोड्या वेळाने ते आपले आपणच बाहेर गेले. लिफ्टच्या दारापाशी थबकले आणि जिन्याने खाली उतरले.

"मी ऐकलंय," चष्मा म्हणाला. "लागेल तिथे सांगेन." बॉसनी आयुष्यात पहिल्यांदा मला "बस जरा" म्हटलं.

मी बाबांना फोन केला. मालक बोलले ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे वाजली होती," बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज फुटला. "तासभर वाजवत होत्या गं त्या."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. मलाही बरं वाटेल. पण फोन ठेवला तेव्हा माझा राग मुळीच उतरला नव्हता. तो नुसता गार पडला होता.

दुपारी मालकांच्या ऑफिसातून निरोप आला. बैठकीचा विषय कुणी बाहेर काढायचा नाही, काम संपवायचं आणि सगळी बटणं आजच थेट मालकांना पाठवायची.

मी फाइल उघडली आणि शेवटचं एक्स्पोर्ट केलं. आकडे ठीक होते. लाल घंटा वर होती, स्वच्छ, कोरी.

तिच्या शेजारचं 'दार उघडा' मात्र आत गेलेलं होतं.

चष्मा माझ्या खांद्यावरून बघत होता. "हे दुरुस्त करणार ना?" त्याने हळूच विचारलं.

मी बटण आहे तसंच पाठवून दिलं.

थोड्या वेळाने स्क्रीनच्या कोपऱ्यात खूण आली. पलीकडे मालकांनी उघडलं होतं.